आधी पिंप, मग मासा

घोरावाडी स्टेशनच्या आसपास राहणाऱ्या माणसाला पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. तळेगावला पवना आणि इंद्रायणी अशा दोन नद्यांचं पाणी मिळतं, शिवाय सोसायट्यांना बोअर आहेत, आणि एप्रिल-मे लागला की टँकर. घरातल्या काचेच्या टाकीत डिस्कस ठेवायचा तर या तिन्ही पाण्यांशी ओळख हवी. हा ॲमेझॉन खोऱ्यातला मासा. योहान याकोब हेकेल या ऑस्ट्रियन अभ्यासकानं 1840 साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याच्या मुलखातलं पाणी मऊ, आम्लाकडे झुकणारं आणि बारा महिने उबदार. दुकानात मिळणारे डिस्कस बहुतेक टाकीतच वाढलेले, त्यांना थोडं कठीण पाणी चालतं. त्यांना झेपत नाही तो रोजचा बदल, आणि आपल्याकडे पाणी बदलतं ते न सांगता. इतकी वर्षं हे मासे सांभाळताना जे हाती लागलं, ते लिहिते.

1. सोसायटीच्या टाकीत पाणी कुठलं पडलं, ते विचारायची सवय लावून घ्या. "दादा, आज टँकर आला का?" हा माझा वॉचमनला नेहमीचा प्रश्न. धरणाचं पाणी मऊ असतं. बोअरचं पाणी काळ्या कातळातून झिरपून येतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच. बादलीच्या कडेला बसणारा पांढरा थर त्यांचाच. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, तो फिल्टरच्या आधी घ्या. आकडा कालच्यापेक्षा एकदम चढला की समजायचं, आज पाणी दुसरं आहे. पीएच 6.5 ते 7.5च्या दरम्यान कुठेही स्थिर असला तरी हे मासे नीट राहतात. तो 6.5वर नेऊन बसवायला बाटल्यांतली रसायनं ओतणं मला पटत नाही, कारण कठीण पाण्यात पीएच पुन्हा वर सरकतो आणि माशाला त्या चढउताराचाच त्रास होतो.

2. बोअरच्या पाण्याचा पीएच लगेच मोजू नका. जमिनीखालून येताना त्यात कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो, म्हणून ताजं पाणी 7 दाखवतं. रात्रभर हवेचा दगड सोडून सकाळी मोजा, 8च्या आसपास गेलेलं दिसेल. मासा राहणार आहे तो या सकाळच्या पाण्यात.

3. म्हणून पिंप. दोनशे लिटरचं निळं पिंप, धुऊन घेतलेलं, पूर्वी खाण्याच्याच वस्तूचं, रसायनाचं नव्हे. पाणी त्यात भरायचं, एअरपंप लावायचा, एक दिवस ठेवायचं, हीटरनं टाकीइतकं गरम करायचं आणि मगच द्यायचं. क्लोरीन यात बराचसा उडून जातो. पावसाळ्यात मात्र यावर विसंबू नये. नद्या गढूळ होतात आणि टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचं प्रमाण वाढतं. गावोगावचे जलसुरक्षक ओटी टेस्ट करतात ना, तीच घरी करावी: थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं की क्लोरीन शिल्लक आहे. मत्स्यालयाच्या दुकानात हायपोचे खडे मिळतात, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. एक भाग क्लोरीनला सुमारे सात भाग हायपो लागतं. लिटरला 2 मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर शंभर लिटरला दीड ग्रॅम पुरतं. क्लोरीन कल्ल्यांची नाजूक त्वचा जाळतो. असा मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो, आणि बघणाऱ्याला वाटतं त्याला भूक लागलीय.

4. खाणं आणि पाणी हे दोन विषय नाहीत. माशानं खाल्लेल्या प्रथिनांतला नायट्रोजन कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन पाण्यात येतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. नव्या टाकीत ही फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर डिस्कस आणूच नये. आता आमच्या मावळ तालुक्यातल्या बोअरची अडचण बघा. पीएच 7 असेल तर 30 अंशांच्या पाण्यात एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की तोच सात टक्क्यांच्या वर जातो. खाणं तेवढंच, मासे तेवढेच, विष जवळजवळ दसपट. उन्हाळ्यात सोसायटी बोअरवर आली की मी मोठ्यांचं खाणं निम्मं करते, ते याच कारणानं.

5. काय घालावं? जगभर डिस्कसवाले बीफहार्टवर मासे वाढवतात. आपल्या राज्यात 2015च्या कायद्यानंतर गोवंशाचं मिळत नाही, काही जण म्हशीचं वापरतात. मी चिकन हार्ट आणि कोळंबी घेते. वरची पिवळी चरबी कात्रीनं काढायची, आतल्या रक्ताच्या गाठी धुवायच्या. यात कंटाळा केला तर पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो. मग सोललेली कोळंबी, वाफवलेला पालक, लसणाची एखादी पाकळी असं मिक्सरला फिरवून त्यात जिलेटिन घालायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत पोळीसारखं पातळ थापून फ्रीझरला ठेवलं की हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो. गटारकाठच्या चिखलातून काढलेले जिवंत ट्यूबिफेक्स किडे मासे आवडीनं खातात, पण त्यांच्याबरोबर रोग येतो. आमच्या टाकीत ते नाहीत. पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा, मोठ्यांना दोनदा, पाच मिनिटांत संपेल इतकंच. उरलेलं लगेच नळीनं ओढून काढायचं. त्यासाठीच टाकीच्या तळाला वाळू नको. मोठ्यांची टाकी असेल तर आठवड्यातून निदान दोनदा तिसरा हिस्सा पाणी बदलावं, आणि पिल्लांची असेल तर रोज.

6. खाताना समोर बसा. डिस्कस तळाशी तिरका होतो, तोंडानं पाण्याची फुंकर मारतो, तुकडा उडतो आणि तो झेलतो. चावतो, थुंकतो, परत घेतो. हे चाललं असेल तर सगळं ठीक. मी नजर ठेवते ती कळपातल्या सगळ्यात लहान माशावर. डिस्कस पाच-सहांच्या कळपात ठेवावे लागतात आणि त्यांच्यात उतरंड असते. मोठा तुकडा बळकावतो, लहान मागे राहतो. म्हणून खाणं दोन टोकांना टाकायचं. मासा काळवंडला, अंगावरचे उभे पट्टे गडद झाले, कोपरा धरून बसला, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी झाली, तर आधी पाणी तपासा आणि मग औषधाकडे वळा. आतड्यातल्या परजीवींवर मेट्रोनिडाझोल चालतं, पण खराब पाण्यात तेही लागू पडत नाही.

7. पाणी 28 ते 30 अंश. मावळातल्या डिसेंबरच्या रात्री डिस्कसला मानवत नाहीत, म्हणून एका मोठ्या हीटरऐवजी दोन छोटे लावा, आणि टाकीच्या मागे-बाजूंना थर्माकोल. पाणी जितकं उबदार तितका प्राणवायू कमी. आपल्या उंचीवर 20 अंशांना लिटरमध्ये साडेआठ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, 30ला जेमतेम सात. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात महसीरची पैदास होते. सह्याद्रीच्या गार, वाहत्या, हवेनं भरलेल्या पाण्यातला तो मासा आणि आमचा हा ॲमेझॉनचा, एकाच तालुक्यात अगदी उलट मागण्यांचे. उबदार पाण्यात प्राणवायू मुळातच कमी, त्यामुळे वळवाच्या वादळात वीज गेली की धोका दुहेरी असतो. गारवा हळूहळू येतो, गुदमरणं आधी. बॅटरीवरचा एअरपंप आणि स्पंज फिल्टर हाताशी हवेत. बंद डब्याचा फिल्टर काही तास थांबला असेल तर सुरू करताना त्यातलं पहिलं पाणी टाकीत जाऊ देऊ नये, आतले जिवाणू मरून ते नासलेलं असतं.

8. पावसाचं पाणी मऊ मिळतं, फुकट मिळतं. पहिल्या सरी जाऊ द्याव्या, मग स्वच्छ पत्र्यावरचं धरावं. त्यात क्षार जवळजवळ नसल्यानं पीएच कुठेही कोसळू शकतो, म्हणून नुसतं वापरू नये, नळाच्या पाण्यात चौथा हिस्सा मिसळावं. पैदास करायची असेल तर हे सोन्यासारखं. कठीण पाण्यात डिस्कसची अंडी फळत नाहीत. जोडी उलट्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीवर अंडी घालते. पिल्लं पोहू लागली की आई-बापाच्या अंगाला चिकटतात आणि त्यांच्या त्वचेवरचा चिकट स्राव खातात. नर थकला की झटका देतो, आणि अख्खा पुंजका मादीच्या अंगावर जातो. हे दिवस मी टाकीपुढून उठत नाही, घरात स्वयंपाकाला उशीर होतो तो होऊ दे.

9. गणपतीला गावी जायचं असेल तर मोठ्या डिस्कसना तीन-चार दिवस उपाशी ठेवलं तरी चालतं. निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदलायचं आणि खाणं बंद. शेजारच्या काकू प्रेमानं म्हणतात, "अगं, मी घालते की दोन वेळा." मी त्यांना खाण्याचा डबा देत नाही. दोनच गोष्टी बघायला सांगते, बुडबुडे येतायत ना आणि थर्मामीटर 29वर आहे ना. वीज गेली तर बॅटरीचा पंप कसा लावायचा, ते त्यांच्या हातून एकदा करून घेते.