शाळाच कुरणावर



मी डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सराव पाठांच्या वेळी आठवडाभर एका मुलापुढे ‘गैरहजर’ लिहीत राहिले. तो कुठे असतो, हे कुणाला विचारलेही नाही. तो गुरे राखत होता.

पुढे कोसबाडविषयी वाचले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ १९५७ साली बोर्डीहून डहाणू तालुक्यातील या टेकडीवर आल्या. तिथली वारली मुले गुरांमागे असत. म्हणून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. खडे, बिया, पाने हेच साहित्य. (आणि मी विकतचे तक्ते जपत होते!)

मुलाने गुरांमागेच राहावे, असे नाही. पण ते असेल तिथून शिकवायला लागावे, असे मला वाटते. सोमवारी चिंचोके घेऊन माळावर जाणार आहे. हजेरी कशी मांडायची, ते मुख्याध्यापकांना विचारायचे आहे.