मार्फान विकार आणि मुलांचे हृदय

वर्गातील सर्वांत उंच, सडपातळ व लांब बोटांचा विद्यार्थी खेळाच्या संघात सहज निवडला जातो. त्याची उंची बहुधा निरोगी वाढीचेच लक्षण असते. क्वचित मात्र ती एका आनुवंशिक विकाराची खूण असू शकते. पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फान यांनी १८९६ साली एका पाच वर्षांच्या मुलीच्या असाधारण लांब हातापायांचे व बोटांचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने हा विकार ओळखला जातो.

विकाराचे मूळ

शरीरातील अवयवांना आधार व लवचिकता देणाऱ्या संयोजी ऊतकाचा हा विकार होय. फायब्रिलिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष त्यास कारणीभूत असल्याचे १९९१ साली सिद्ध झाले. सुमारे ५,००० व्यक्तींमागे एकास हा विकार आढळतो. माता किंवा पिता यांपैकी एकास तो असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. सुमारे एकचतुर्थांश रुग्णांत हा दोष नव्याने उद्भवतो. त्यामुळे घराण्यात कोणासही विकार नाही, एवढ्यावरून निश्चिंत राहता येत नाही.

हृदयावरील परिणाम

हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीचा आरंभीचा भाग प्रत्येक ठोक्यागणिक ताणला जातो. तिची भिंत दुबळी असल्यास तो भाग हळूहळू फुगतो, तेथील झडप गळू लागते आणि रक्त बाहेर ढकलणाऱ्या डाव्या जवनिकेवर अधिक भार पडतो. काही मुलांत द्विदल झडपही सैल होते. हृदयाची आकुंचनशक्ती बहुतेक मुलांत पुष्कळ काळ चांगली राहते व मूल धावते, खेळते. म्हणूनच धोका लक्षात येत नाही. महारोहिणीची भिंत अचानक चिरल्यास मृत्यू ओढवू शकतो. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविणाऱ्या अमेरिकी संघातील व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन यांचे १९८६ साली जपानमध्ये सामना चालू असतानाच निधन झाले. त्यांना हा विकार असल्याचे मृत्यूनंतर उघड झाले.

तपासणी व उपचार

इको तपासणीत महारोहिणीचा व्यास मोजून तो मुलाच्या शरीरमानाशी ताडून पाहतात. मूल वाढत असल्याने ही तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते. बीटा-ब्लॉकर किंवा लोसार्टन या औषधांनी फुगण्याचा वेग मंदावतो. ६०८ मुले व तरुण यांच्यावरील २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अटेनोलॉल व लोसार्टन यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. व्यास फार वाढल्यास, भिंत चिरण्यापूर्वीच शस्त्रक्रिया करतात. १९७२ च्या एका अमेरिकी पाहणीत रुग्णांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ३२ वर्षे होते. आज वेळीच उपचार मिळालेले अनेकजण सत्तरीपर्यंत जगतात.

शाळा व ग्रामपंचायत यांचे कार्य

उंचीपेक्षा जास्त भरणारी पसरलेल्या हातांची लांबी, आत दबलेली किंवा पुढे आलेली छाती, पाठीचा बाक, चष्म्याचा मोठा क्रमांक आणि कुटुंबातील तरुण व्यक्तीचा आकस्मिक मृत्यू, यांपैकी अनेक गोष्टी एकत्र दिसल्यास शिक्षकांनी पालकांना विश्वासात घ्यावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकास ही माहिती द्यावी. ग्रामपंचायत सदस्यांनी अशा कुटुंबास जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचण्यास साहाय्य करावे. निदान झालेल्या मुलास वजन उचलणे, कुस्ती व चुरशीच्या स्पर्धा यांपासून दूर ठेवावे. मात्र वैद्यकीय सल्ल्याने चालणे व हलका व्यायाम चालू ठेवावा. त्यास वर्गात वेगळे पाडू नये. वेळीच टाकलेली एक जाणती नजर अशा मुलाचे आयुष्य वाचवू शकते.