हुमणीच्या भुंगेऱ्यात नर कोणता, मादी कोणती?



वळवाचा पाऊस झाला की सायंकाळी कडुलिंब, बाभूळ, बोर या झाडांवर तांबूस-तपकिरी भुंगेरे घोंगावू लागतात. झाडे हलवून ते गोळा करा, असे आपण दरवर्षी सांगतो. पण "किती गोळा केले?" याबरोबरच "त्यात माद्या किती?" हाही प्रश्न विचारला पाहिजे. कारण मुळ्या खाणारी हुमणी मादीच्या अंड्यातून येते. एक मादी जमिनीत सुमारे ५० ते ६० अंडी घालते. म्हणजे दहा माद्या वेळेत मारल्या तर पाचशे अंडी टळली. सगळी अंडी जगत नाहीत हे खरे, पण जगतील तेवढी सरीतला ऊस वाळवायला पुरे होतात. म्हणून नर-मादी ओळखायला शिकूया.

आधी सोपे उदाहरण

शेणखताच्या खड्ड्यात सापडणारा मोठा काळा गेंड्या भुंगा सर्वांनी पाहिला असेल. हा नारळाचा शत्रू. याच्या नराच्या डोक्यावर लांब, मागे वळलेले शिंग असते. मादीचे शिंग आखूड असते. पण नुसत्या शिंगावर जाऊ नका. लहान चणीच्या नराचे शिंगही आखूडच राहते. खरी खूण मागच्या टोकाला आहे. भुंगा उलटा करून बघा : मादीच्या पोटाच्या टोकाला तांबूस केसांचा दाट झुपका दिसतो, नराचे टोक बहुतेक गुळगुळीत असते.

आता हुमणीचा भुंगेरा

आपल्याकडे माळरानावरच्या उसात होलोट्रिकिया सेराटा ही जात प्रामुख्याने आढळते. हिच्या नराला शिंग नाही आणि रंगही दोघांचा सारखाच. त्यामुळे वरवर पाहून काही कळत नाही. पुढील खुणा बघाव्यात.

१) मिशा : भुंगेऱ्याच्या मिशीच्या टोकाला तीन पाकळ्यांची पंखी असते. नराची पंखी मादीपेक्षा लांब असते, कारण अंधारात मादीचा माग त्याला वासावरून काढायचा असतो. हा फरक भिंगातून नीट दिसतो.

२) पोट : उलटे करून पाहिल्यास नराचे पोट सपाट, मधोमध किंचित खोलगट वाटते. मादीचे पोट गोलसर, आणि अंडी भरल्यावर चांगलेच फुगीर असते.

३) जोडी : झाडावर जोडी लागलेली असेल तर डहाळीला धरून बसलेली ती मादी आणि बहुधा तिच्यामागे लोंबकळतो तो नर.

४) खात्रीची खूण : मेलेल्या भुंगेऱ्याचे पोट नखाने उघडावे. नरात कठीण, तपकिरी जननेंद्रिय मिळते. मादीत अंडी मिळतात.

याचा उपयोग काय?

वळवानंतर लगेच धरलेल्या मादीच्या पोटात अंडी बारीक, कच्ची असतात. पुढे ती पांढरी, टपोरी होतात. मादी रात्री झाडावर पाला खाते आणि पहाटेपूर्वी पुन्हा जमिनीत शिरते; तिथेच अंडी घालते. तेव्हा गोळा केलेल्यांपैकी वीस भुंगेरे बाजूला काढून तपासा. माद्यांची पोटे भरलेली असतील तर आपण वेळेत आहोत, काम नेटाने चालू ठेवा. पंधरवडा उलटल्यावर बऱ्याच माद्या रिकाम्या पोटाच्या निघू लागल्या, तर अंडी मातीत पडली असे समजा. मग नुसती झाडे हलवून भागणार नाही. लहान अळ्यांच्या बंदोबस्ताची तयारी लगेच करावी लागेल. "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणणाऱ्याचे नुकसान होते ते इथेच.

नदीकाठच्या सभासदांसाठी

कोल्हापूर-सांगलीकडे नदीकाठच्या जमिनीत ल्युकोफोलिस लेपिडोफोरा ही दुसरी हुमणी आहे. तिचे भुंगेरे झाडाचा पाला खायला येत नाहीत. त्यामुळे कडुलिंब कितीही हलवला तरी पदरात काही पडत नाही. दिवस मावळताना शेतातच फिरून जोड्या वेचाव्या लागतात. नराची पंखी लांब, ही खूण इथेही लागू पडते.

काय करावे?

पहिल्या मोठ्या वळवापासून रोज सायंकाळी साडेसातच्या सुमारास झाडाखाली गोणपाट अंथरून फांद्या हलवा. पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाका. नर-मादी वेगळे करत बसून वेळ घालवू नका, मारायचे दोन्ही. मोजायची मात्र मादी. आणि हे एकट्याने करून चालत नाही. आपण झाड साफ केले आणि शेजाऱ्याने तसेच ठेवले, तर त्याच्या झाडावरची मादी आपल्या सरीत उतरायला बांध विचारत नाही. सगळ्या शिवाराने एकाच आठवड्यात हे काम उरकावे.

ओळखण्यात शंका आली तर चार भुंगेरे डबीत घालून गट ऑफिसात आणा. भिंग तिथे ठेवलेले आहे. आपण मिळून बघू.

– ऊस विकास अधिकारी