डोंगरवाटेवर धावताना दम राखावा

वनरक्षक भरतीची जाहिरात निघाली की यावलच्या रस्त्यांवर पहाटे मुले-मुली धावताना दिसतात. पाहून बरे वाटते. पण त्यातलीच काही मुले पुढे लंगडत माझ्या दवाखान्यात येतात.

गेल्या मे महिन्यात असाच एक मुलगा आला. सकाळी दहाला सातपुड्याच्या बाजूला निघाला होता. "डॉक्टरसाहेब, पहिल्या तासात दहा किलोमीटर काढले, मग पायच उचलेनात," म्हणाला. लघवी काळ्या चहासारखी. स्नायू फुटून त्यातील द्रव्य रक्तात उतरले की असे होते आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. तातडीने जळगावला पाठविला. सलाइनवर तो वाचला.

त्याची चूक हिशेबाची होती. वनखात्याच्या भरतीत पुरुषांना 25 किलोमीटर चार तासांत चालायचे असतात. म्हणजे किलोमीटरला साडेनऊ मिनिटांहून थोडे अधिक. भरभर चालणे व मधून हळू पळणे एवढ्याने हे जमते. पहिल्या तासात सव्वासहा किलोमीटर पुरेत. हा दहा धावला, तोही उन्हात!

वेग ओळखायला घड्याळ लागत नाही. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले तर वेग बरोबर. दोन शब्दांवर धाप लागली तर कमी करावा. मनुदेवीकडच्या डोंगरात चढ लागला की सरळ चालावे, त्यात कमीपणा नाही. उतार मात्र फसवा असतो. तिथे दम लागत नाही, पण शरीर रोखताना मांडीचे पुढचे स्नायू आतून दुखावतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. उतारावर पावले लहान टाकावीत.

आठवड्यातून एकदाच लांब पल्ला घ्यावा. इतर दिवशी हलका सराव करावा व एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. उष्णतेची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, तेव्हा सूर्योदयापूर्वी निघून ऊन चढण्याआधी परतावे.

तहान लागेल तसे पाणी प्यावे. नुसते पाणी लिटरच्या लिटर ढोसल्यास रक्तातील मीठ घटते, हेही धोक्याचेच. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे घरचे औषध जवळ असू द्यावे.

धावणारा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला तर तो उष्माघात समजावा. आधी सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मग गाडी शोधावी. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

तो मुलगा तपासण्या झाल्यावर पुन्हा सरावाला लागला आहे. पहाटे साडेपाचला दवाखान्यावरून जाताना हात करतो. चढ आता चालतच चढतो, असे त्याची आई सांगते.