गाडी टायर काहून खाते?

बाबू, समोरचं डावं टायर एकाच हंगामात आतून साफ झालं म्हणून तू टायरच्या कंपनीला शिव्या घालतोस आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचं टाकतो म्हणतोस. टाक बापा, तेही असंच जाईल. टायर आपणहून एका बाजूनं झिजत नाही, गाडी त्याला झिजवते. कोणत्या कारणानं झिजवते ते टायरवरच दिसतं, पण तिथं डोळ्यांपेक्षा हात जास्त कामाला येतो.

मी ज्याच्या हाताखाली शिकलो तो उस्ताद म्हणायचा, ‘पह्यले हात फिरव, मंग पाना उचल.’ तेव्हा वाशीम जिल्हाही नव्हता. 1998 च्या जुलैत तो अकोल्यातून वेगळा निघाला. त्याआधी आपल्याकडच्या गाड्यांवर एमएच 30 असायचं, 37 नंतरचं. अलायमेंटची मशीनं तेव्हा आजच्यासारखी जागोजाग नव्हती, म्हणून हाताचं ज्ञान जास्त. आज मशीन आहे, पण मशीनवाल्याला काय सांगायचं हे ठाऊक नसेल तर त्याचा फायदा अर्धाच.

हात असा फिरवायचा. टायर गार, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड लावलेला. आधी डोळ्यानं बघून घे, तार बाहेर आली असेल तर तळवा चिरेल. मग तळवा नक्षीवर आडवा ठेव आणि आतून बाहेर ने, नंतर बाहेरून आत आण. दोन्हीकडून सारखं लागलं तर ठीक. एका दिशेनं जाताना गुळगुळीत आणि उलट येताना करवतीसारखं बोचलं, तर टो बिघडला. आतून बाहेर नेताना बोचत असेल तर चाकांची तोंडं समोर जास्तच जवळ आलीत, म्हणजे टो-इन वाढला. तेव्हा टायर बाहेरच्या खांद्याला झिजतं. बाहेरून आत येताना बोचत असेल तर तोंडं फाकलीत, टो-आउट झाला, आणि टायर आतून जातं. तुझं दुसऱ्या प्रकारचं दिसतं. आतली बाजू गाडीखाली वाकल्याशिवाय दिसत नाही, म्हणून तार निघेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. दर पंधरवड्याला एकदा स्टेअरिंग पूर्ण वळवून आतला खांदा बघत जा.

टोची चूक मिलिमीटरमध्ये मोजतात, म्हणून ती क्षुल्लक वाटते. हिशेब करून बघ. पिकअपचं 215/75 आर 15 टायर उंचीला साधारण 70 सेंटिमीटर भरतं. त्यावर टोमध्ये एकूण 3 मिलिमीटरचा फरक पडला, तर प्रत्येक चाक दर किलोमीटरमागे दोन मीटर आडवं ओढलं जातं. वाशीमहून अकोल्याला पोहोचेपर्यंत हे दीडशे मीटरच्या वर जातं, तेही मालासकट. असं वर्षभर चाललं तर कोणत्या कंपनीचं रबर टिकेल?

आता डावंच टायर का, ते ऐक. आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता कडेनं तुटत जातो. मानोरा, मंगरूळपीरकडचे एका गाडीचे रस्ते आठव. समोरून ट्रॅक्टर आला की साइड देताना तुझं डावं चाक डांबर सोडून खाली उतरतं आणि वर चढताना कडेवर आपटतं. दरवेळी तो झटका टाय रॉडच्या एंडला बसतो. म्हणून साइड द्यायची तर आधी वेग मार, चाक हळू उतरव, आणि चढताना कडेला घासत ओढू नको. स्टेअरिंग थोडं जास्त कापून एकदम वर घे.

मशीनवर जायच्या आधी सुटे भाग तपास, नाहीतर पैसे पाण्यात. समोरची बाजू जॅकवर घे, खाली घोडी लाव. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, हे माझ्यासमोर तरी मोडू नको. चाक डावी-उजवीकडून धरून हलव. खडखड लागली तर टाय रॉड एंड नाहीतर स्टेअरिंगचा सांधा सैल. मग वर-खाली धरून हलव. खेळ लागला तर बेरिंग, किंवा बॉल जॉइंट, किंवा गाडी जुनाट असेल तर किंगपिन. यातलं कोणतं, हे ओळखायची सोपी खूण आहे: पोराला केबिनमध्ये बसवून ब्रेक दाबायला सांग आणि पुन्हा हलव. खेळ गेला तर बेरिंग, राहिला तर खालचा सांधा. सैल सांध्यावर केलेली अलायमेंट कागदावर हिरवी दिसते आणि पहिल्या खड्ड्यात परत जाते. लोक मग मशीनवाल्याला चोर म्हणतात.

मशीनवर गाडी रिकामी न्यायची, चारही चाकांत हवा बरोबर भरून. कामाआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही छापील कागद माग आणि जपून ठेव. सहा महिन्यांनी पुन्हा गेलास तर काय सरकलं ते त्यावरूनच कळेल. काम झाल्यावर सरळ रस्त्यावर स्टेअरिंग मधोमध आलं का बघ. तिरपं राहिलं असेल तर परत फिरव. आकडे कंपनीच्या पुस्तकातले घ्यायला सांग. जुने मिस्त्री नायलॉन टायरच्या सवयीनं टो-इन जास्त ठेवतात, रेडियलला तो कमी लागतो. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, बिघडला असेल आणि समोर सरळ एक्सल असेल तर बोल्ट पिळून काही होणार नाही. एक्सल वाकला का, किंगपिन झिजला का, ते बघावं लागतं. ‘करून देतो’ म्हणणाऱ्याला कसं करणार ते विचार.

मशीन जवळ नसेल तर खडू आणि टेप पुरतो. चाक उचलून फिरव आणि खडूनं टायरच्या मधोमध गोल रेघ ओढ. दोन्ही चाकांवर रेघ झाली की गाडी खाली घे, थोडी पुढे ढकलून चाकं सरळ बसू दे. मग एक्सलच्या उंचीवर दोन्ही रेघांमधलं अंतर समोरून मोज आणि मागून मोज. वजाबाकी हाच टो. यानं गाडी घरापर्यंत आणता येते. कायमचं काम मशीनवरच.

मागच्या चाकांकडे मात्र कोणी बघत नाही. पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला किंवा यू बोल्ट सैल झाले की मागचा एक्सल एका बाजूनं सरकतो. गाडी चालते, पण तिरपी. मागून बघणाऱ्याला ती आडवी चाललेली दिसते, चालवणाऱ्याला फक्त स्टेअरिंग वाकडं लागतं, आणि तो समोरचा टो पिळत बसतो. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यातलं अंतर दोन्ही बाजूंनी टेपनं मोज. फरक आला तर आधी पाट्यांवाल्याकडे जा. सोयाबीनचा हंगाम संपला की यू बोल्ट एकदा कसून घ्यायचे, हा नियमच कर.

हंगामावरून मालाचं बोलतो. 1.7 टनाच्या गाडीत 17 क्विंटल बसतात. तू किती भरून रिसोडच्या, कारंजाच्या बाजार समितीत जातोस ते मला विचारायचं नाही, तुझं तुला माहीत. जास्त भरल्यावर मागची बाजू दबते, समोरचा भार हलका होतो, स्टेअरिंग हातात पोकळ लागतं. मागची टायरं दोन्ही खांद्यांना झिजली असतील तर हवा कमी होती किंवा माल जास्त होता, बहुतेक वेळा दोन्ही. नक्षी मधोमध गेली असेल तर हवा जास्त. हवा सकाळी, गार टायरमध्ये मोज. किती पौंड ते दरवाज्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. मे महिन्यात पारा 44 वर गेला की धावत्या टायरमध्ये हवा चढतेच, ती बघून हवा सोडायची नाही. गार झाल्यावर ती कमी भरेल आणि खांदे जातील.

पळताना हादरा बसतो आणि गाडी एका बाजूला ओढते, ही दोन वेगळी दुखणी. ओढणं हे अलायमेंटचं, क्वचित टायरचं. समोरची दोन टायरं आपसात बदलून बघ. ओढण्याची दिशा बदलली तर दोष टायरात आहे. थोडंसं डावीकडे जाणं मात्र रस्त्याच्या उताराचं असतं, त्यामागे लागू नको. आणि 70-80 च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं ते बॅलन्सिंगचं. पण आपल्याकडे त्याचं एक गावठी कारण आहे, ते आधी तपास. ऑक्टोबरात पांदणीतून माल काढताना काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटते आणि वाळून दगड होते. कितीतरी जण तशाच चाकांवर शिशाची वजनं लावून घेतात. दोन दिवसांनी ढेकूळ गळून पडतं आणि हादरा परत सुरू. आधी रिम आतून धू, मग बॅलन्सिंग. धुऊनही राहिला आणि नक्षीत जागोजाग खड्डे-उंचवटे हाताला लागले, तर शॉकअप गेलेत.

समृद्धीवर जात असशील तर वेगळी खबरदारी. नागपूर ते शिर्डीचा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला आणि आपल्याला कारंजा, शेलूबाजार, मालेगाव इथून वर चढता येऊ लागलं. सिमेंटचा सरळ रस्ता. गावातल्या खड्ड्यांत 40 नं चालणारं अर्धवट टायर तिथं तासन् तास 80 नं तापत राहतं. खांदा झिजलेलं, कडेला फुगा आलेलं टायर घेऊन वर चढायचंच नाही. पातूर-मेडशीच्या घाटात उलटं: तिथं वळणांनी समोरच्या टायरांचे बाहेरचे खांदे थोडे जास्त झिजतात, ते बघून लगेच टो पिळायला धावू नको.

अदलाबदल दर आठ-दहा हजार किलोमीटरला, माप सारखं असेल तर समोरचं मागे आणि मागचं समोर. रिमोल्ड टायर समोर कधीच नाही. नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानं टायर संपलं. खाचेत रबराचा जो उंचवटा असतो तो नक्षीच्या बरोबरीनं आला की समज. घेताना बाजूवरचे चार आकडे वाच. 3522 म्हणजे 2022 सालचा 35 वा आठवडा. दुकानात पडून शिळं झालेलं टायर स्वस्तात मिळालं म्हणून हुरळू नको.

तुझ्या डाव्या टायरचं आता काही होत नाही, ते बदलावंच लागेल. पण नवं टाकायच्या आधी त्या बाजूचा टाय रॉड एंड बघून घे, आणि स्टेपनीचीही हवा मोज. हंगाम सुरू व्हायच्या आत गाडी माझ्याकडे आण, खडू माझ्याकडे आहे.