घरातील साठवणपेटी आणि वाय-फाय

छायाचित्रे, चलत्चित्रे, हिशेबाचे कागद आणि गाण्यांचे संग्रह ह्यांचा पसारा आज घरोघरी वाढला आहे. तो निरनिराळ्या फोनांत व संगणकांत विखुरलेला राहू नये, म्हणून काही कुटुंबे एक स्वतंत्र साठवणपेटी ठेवतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘नॅस’ असे नाव पडले आहे. ही पेटी म्हणजे वस्तुतः एक छोटा संगणकच होय. तिला पडदा नसतो, कळफलक नसतो. पोटात एक वा अधिक हार्ड डिस्क असतात आणि घरातील इतर यंत्रे नेटवर्कमधून तिच्याकडे फाइली मागतात किंवा तिच्या स्वाधीन करतात.

अशी पेटी घरी आणल्यावर पुष्कळांना आश्चर्य वाटते ते एका गोष्टीचे. पाठीमागे केबल जोडण्याची जागा असते, परंतु वाय-फायची सोय बहुधा नसते. ही निर्मात्याची काटकसर नव्हे.

वाय-फाय हा रेडिओलहरींच्या द्वारे चालणारा संदेशव्यवहार आहे. त्याचे पहिले प्रमाण १९९७ साली निश्चित झाले, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला फार तर २० लाख बिट होता. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली, आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ साली परवान्यावाचून वापरण्यास मोकळा झाला. वेग तेव्हापासून शेकडो पटींनी वाढला, तथापि माध्यमाचा स्वभाव पालटला नाही. केबलमध्ये जाणारा व येणारा प्रवाह एकाच वेळी चालू शकतो. हवेत मात्र एका मार्गिकेवर साधारणतः एका वेळी एकाच यंत्राने बोलावयाचे आणि इतरांनी आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचे, असा नियम आहे. त्यात शेजाऱ्यांची यंत्रेही आली.

आता संगणक वाय-फायवर आहे आणि पेटीही वाय-फायवरच आहे, अशी कल्पना करावी. संगणकातून निघालेला प्रत्येक बिट हवेतून राउटरकडे जातो आणि तेथून पुन्हा हवेतूनच पेटीकडे येतो. एकाच मालाची दोनदा वाहतूक, आणि तीही एकाच अरुंद रस्त्याने! प्रत्येकी ४ मेगाबाइटची १ लाख छायाचित्रे, म्हणजे ४०० गिगाबाइट, पेटीत भरावयाची आहेत. संगणक व पेटी दोन्ही केबलने राउटरला जोडली असल्यास गिगाबिट केबलवरून हे काम तासाभरात होते. हवेतून सेकंदाला २० कोटी बिट खरोखर मिळत असले आणि केवळ संगणक वाय-फायवर असला, तर साडेचार तास लागतात. दोन्ही वाय-फायवर असली, तर सुमारे नऊ तास. म्हणून शक्य असेल तेथे पेटी राउटरजवळ ठेवून केबलने जोडावी; फोन व संगणक खुशाल वाय-फायवर राहू द्यावेत. पुष्कळांना वाटते की, असे केल्यास फोनवरून पेटी दिसणार नाही. ही समजूत चुकीची आहे. केबल आणि वाय-फाय ही एकाच नेटवर्कची दोन दारे होत.

राउटर दिवाणखान्यात आणि पेटीची जागा आतल्या खोलीत, मध्ये दगडी भिंत, अशी अडचण काही घरांत असतेच. तेथे दोन उपाय आहेत. काही पेट्यांना यूएसबीमधून वाय-फायचे डोंगल लावता येते. मात्र आधी निर्मात्याची यादी पाहावी, कारण सिनॉलॉजी ह्या तैवानी कंपनीने २०२१ सालच्या डीएसएम ७.० ह्या आवृत्तीपासून अशा डोंगलांचा आधार काढून घेतला. दुसरा उपाय अधिक भरवशाचा आहे. ‘ब्रिज’ म्हणून चालणारे लहान यंत्र पेटीशेजारी ठेवून आखूड केबलने तिला जोडावे. ते हवेतून राउटरशी बोलते आणि पेटीला आपण केबलवरच आहोत असे वाटते. पेटी वा ब्रिज लोखंडी कपाटात मात्र ठेवू नये. धातूचा पत्रा लहरी अडवतो.

डोंगल लावताना आरंभी पेटी केबलनेच जोडावी, ब्राउझरमधून तिच्या व्यवस्थापनाच्या पानावर जावे, तेथे घरचे वाय-फाय निवडून पासवर्ड द्यावा, आणि जोडणी झाल्याचे दिसल्यावरच केबल काढावी. ह्यानंतर पेटी हरवल्यासारखी वाटते. केबलच्या व वाय-फायच्या जोडणीला स्वतंत्र हार्डवेअर पत्ता असतो; त्यामुळे राउटर तिला नवा आयपी पत्ता देतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो. राउटरमध्ये नवा पत्ता तिच्यासाठी राखून ठेवला की हा घोळ मिटतो. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर पेटी जोडू नये, कारण तेथील यंत्रांना घरातील इतर यंत्रांपासून बहुधा अलग ठेवलेले असते.

जोडणी मध्येच तुटल्यास फाइल अर्धवट उतरते, आणि तिचे नाव मात्र कधी कधी यादीत दिसते. म्हणून नकला उघडून पाहिल्यावाचून फोनमधील मूळ छायाचित्रे पुसू नयेत; त्यानंतरही एक प्रत निराळ्या डिस्कवर असावी. वीज वरचेवर जाणाऱ्या गावी पेटीबरोबर राउटर आणि ब्रिज हेही यूपीएसवर घ्यावे लागतात. एकट्या पेटीला वीज मिळून तिच्यापर्यंतचा रस्ताच बंद पडला, तर चालू असलेली नक्कल तुटते ती तुटतेच.