वीजकामातील थट्टा आणि शिक्षण

सुरतेतील लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांतील काही मुले यंत्रमागांच्या खात्यांत वायरमनचे काम शिकतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. १९६१ च्या कायद्याने कारखान्यातील शिकाऊ उमेदवारीस रीतसर स्थानही दिले आहे. तथापि हात बसतो तो मिस्त्रीच्या शेजारी उभे राहूनच. मायकेल फॅरडे हाही बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला मुलगा. १८१३ साली तो डेव्हीचा साहाय्यक झाला, आणि १८३१ साली त्याने शोधून काढलेल्या तत्त्वावर आज आपल्या मागांच्या मोटारी फिरतात.

मिस्त्रीच्या हाताखाली राहावयाचे म्हणजे थट्टा ही आलीच. नव्या पोराला 'बादलीभर करंट घेऊन ये' म्हणून पिटाळायचे आणि मागे सर्वांनी हसायचे, हा तर ठरलेला प्रकार. थट्टा मुळीच नको, असे आम्ही म्हणत नाही. तिने पाळीचा शीण हलका होतो, आणि कित्येकदा ती धडाही देते. कोणी उलट चालू लागला की "याचे दोन फेज बदला रे!" अशी आरोळी उठते. तीन फेजच्या मोटारीच्या कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की ती उलट दिशेने फिरते, हे त्या हशातून मुलाच्या कायमचे ध्यानात राहते. कोणी भलताच भडकला तर "याचा न्यूट्रल तुटला" असे म्हणतात. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल तुटला म्हणजे २३० व्होल्टच्या उपकरणांवरील दाब बिघडतो. कोठे तो उतरतो, तर कोठे ४०० व्होल्टच्या जवळ जाऊन उपकरणे जळतात.

परंतु सर्वच थट्टा अशी निरुपद्रवी नसते. भारित कपॅसिटर 'धर!' म्हणून नवख्याच्या हातात फेकण्याची खोड काही ठिकाणी आढळते. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार साठून राहतो, हे ज्ञान खरे. पण ते देण्याची ही रीत नव्हे. दचकलेला मुलगा चालू यंत्रावर पडला तर? भार योग्य रोधकातून उतरवून, मग कपॅसिटरला हात लावावा, हे करून दाखविणे हेच शिक्षण. ६० वॅटच्या दिव्यातून सुमारे पाव अँपिअर प्रवाह वाहतो. त्याच्या निम्म्याहून कमी प्रवाह छातीतून गेला तरी प्राण जाऊ शकतो.

याहूनही घातक, आमच्या मते, प्रश्नाची थट्टा होय. "एवढेही येत नाही?" असे एकदा चारचौघांत ऐकलेला मुलगा दुसऱ्या वेळी विचारीत नाही, अंदाजाने तारेला हात घालतो. मराठी, अहिराणी, गुजराती, हिंदी, उडिया अशा अनेक भाषा कानी पडणाऱ्या खात्यात तर न विचारणे म्हणजे संकटास आमंत्रणच.

म्हणून तीन गोष्टींच्या वेळी हसणे थांबावे. पहिली, लाइन बंद करताना : काढलेला फ्यूज ज्याचा हात तारेवर जाणार त्याच्याच खिशात असावा, जेथे एमसीबी असेल तेथे कुलूप घालून किल्ली त्याने जवळ ठेवावी. दुसरी, तपासताना : टेस्टर आधी चालू लाइनवर पाहावा, मग बंद केलेल्या लाइनवर, आणि पुन्हा चालू लाइनवर, नाहीतर टेस्टरच बिघडलेला असेल आणि लाइन मेली असे वाटेल. तिसरी, विचारताना : "बंद केली?" या प्रश्नाला मान हलवून नव्हे, तर "बंद केली, फ्यूज तुझ्याकडे आहे" असे स्पष्ट उत्तर द्यावे.

आपल्या ट्रस्टच्या कुटुंबांतील जे बंधू आज मिस्त्री आहेत, त्यांच्यावर कोणे काळी कोणी हसलेच असेल. त्याची परतफेड पुढच्या पोरावर करू नये. आणि आईवडिलांनी मुलगा संध्याकाळी घरी आल्यावर पगाराबरोबर हेही विचारावे, "आज मिस्त्रीला काय विचारलेस?" ज्याला विचारण्याची लाज वाटत नाही, तोच या धंद्यात सुखरूप राहून कसबी कारागीर होतो.